काडीवाली आणि भाडेकरू

कारखान्यात सगळे तिला काडीवाली मावशी म्हणत. तिथे डुकराचं मांस शिजवून, थंड करून, त्याचे पातळ काप पाकिटात भरले जायचे. काप काढायच्या त्या थंडगार दालनात मावशी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, काम सुरू व्हायच्या आधी काड्या घेऊन फिरायची. काडीच्या टोकाला ओला स्पंज असायचा. टेबलाचा कोपरा, यंत्राचं पातं, पट्ट्याची कड, जमिनीतल्या नाल्याची जाळी असं एकेक पुसायचं, काडी पिशवीत टाकायची, पिशवीवर जागेचा नंबर लिहायचा आणि प्रयोगशाळेत नेऊन उबेला ठेवायची. पिशवीत काही वाढलं तर त्या जागी जंतू आहेत, नाही वाढलं तर सगळं ठीक. कारखान्यातले विनोदवीर म्हणायचे, "मावशीला काड्या करायचाच पगार मिळतो." एकोणीस वर्षांत हा विनोद तिने किती वेळा ऐकला याला गणती नाही, आणि दर वेळी सांगणाऱ्याला वाटायचं की तो त्यालाच पहिल्यांदा सुचला.

बाई कामाला चोख होती. जरा जास्तच चोख. तिच्या बावीस जागा ठरलेल्या होत्या, त्यांचा क्रम ठरलेला होता, आणि गमबूट घालताना आधी डावा पाय हेही ठरलेलं होतं. नियम मोडला की तिला जेवण जायचं नाही. घरात मात्र तिचं असं नव्हतं. घरात लेकीचं राज्य होतं. नवरा लेक सहा वर्षांची असतानाच गेला, तेव्हापासून दोघी एकमेकींना धरून राहिल्या. लेक स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून केस विंचरायची, म्हणजे आत-बाहेर कुणाला जाता यायचं नाही. आई रोज ओरडायची, लेक रोज तिथेच उभी राहायची. लग्न झालं तरी दोन गल्ल्या पलीकडेच राहायला गेली आणि येता-जाता त्याच दारात उभी राहून गप्पा मारायची.

दर शनिवारी कारखान्यातून कामगारांना कापांचं एकेक पाकीट मिळायचं. मावशी ते सरळ लेकीकडे पोचतं करायची. लेकीला दिवस गेले आणि उलट्यांनी ती हैराण झाली. पोटात काही ठरेना. पाचव्या महिन्यात एक दिवस तिने पाव आणि हे थंड काप खाल्ले, आणि ते ठरले. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. त्या शनिवारी तिने दुसऱ्या एका बाईचंही पाकीट मागून घेतलं. जावई म्हणाला, "आई, तुम्ही सगळा कारखाना इकडेच आणा." त्यावर तिघंही हसले होते.

पुढच्या आठवड्यात लेकीला ताप आला. साधा ताप, अंगदुखी, थंडी वाजणं. चार दिवसांत उतरलाही. पण नंतर पोटातलं हलणं थांबलं. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. मुलगा होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. लिस्टेरिया नावाचा जंतू निघाला. हा भलता चिवट प्राणी. बाकीचे जंतू थंडीत गप्प बसतात, हा फ्रीजमध्येही वाढत राहतो. धडधाकट माणसाला फारसं काही करत नाही, गरोदर बाईच्या पोटातल्या जीवाला मात्र सोडत नाही. लेकीच्या फ्रीजमध्ये उरलेलं अर्धं पाकीट तपासायला गेलं. त्यातही तोच निघाला. प्रत्येक जंतूचा एक ठसा असतो, माणसाच्या बोटाचा असतो तसा. दोन्ही ठसे एक होते.

दालन तीन आठवडे बंद राहिलं. माल परत मागवला, भिंती रंगवल्या, नाले उकळत्या पाण्याने धुतले. आणि मावशीच्या त्या महिन्याच्या काड्या? सगळ्या कोऱ्या. बावीसच्या बावीस. ती रोज ते कागद काढून बघायची. आपणच तपासलं, आपणच स्वच्छ म्हटलं, आपणच पाकीट नेऊन दिलं. लेक दवाखान्यातून घरी आल्यावर एकदाच म्हणाली होती, "तू आणलेलं होतं ना गं." आवाजात राग नव्हता, आणि तेच मावशीला सहन होईना. दोन महिन्यांनी जावयाने लांबच्या शहरात नोकरी धरली. बसने सहा तास. सामान भरताना मायलेकी भांडी कागदात गुंडाळत बसल्या, आणि कुठली भांडी फुटतील यापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत.

लोक म्हणाले, "मावशी, आता ती नोकरी सोड. रोज तिथे जाऊन उभं कसं राहवतं तुला?" तिने सोडली नाही. कारण चार महिन्यांनी तयार मालाच्या एका पाकिटात तो जंतू पुन्हा सापडला. ठसा तोच. मग सात महिन्यांनी. मग पुन्हा. साफसफाई करावी, महिनेच्या महिने शांतता असावी, आणि मग एखाद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर कागद यावा, ठसा तोच. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं भाडेकरू. किती नोटिसा द्या, जागा काही सोडत नाही.

कारखान्याच्या साहेबांना हे पटायचं नाही. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना जमिनीवर घसरायची भीती होती, त्यामुळे दालनात ते दारापर्यंतच यायचे. तिथूनच म्हणायचे, "मावशी, तो शेतावरनं येतो. डुकरांबरोबर येतो. आपल्याकडे काही नाही, तुमच्याच काड्या सांगतायत."

"साहेब, मांस आपण शिजवतो. शिजवल्यावर मेलेलं पुन्हा जिवंत कसं होतं?"

"मग कुणाच्या तरी बुटाला लागून येत असेल."

"दर वेळी तोच? चार वर्षं त्याच्या एकट्याचेच बूट?"

यावर साहेब घड्याळ बघायचे. वाद तिथे मिटायचा. मावशीला मात्र पक्कं माहीत होतं. तो बाहेरून येत नाही. तो इथेच राहतो. कुठेतरी एक फट आहे, एक कोपरा आहे, जिथे पाणी आणि चरबी साचते आणि पाण्याच्या बाटलीच्या तळाला धरतो तसा बुळबुळीत थर धरतो. त्या थराखाली तो निवांत असतो. वरून फेस जातो, जंतुनाशक जातं, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. ती कोपरा शोधत राहिली. डोळ्यांत तेल घालून शोधत राहिली.

त्या शोधामागे आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिला लेक हवी होती. दारात उभी राहून वाट अडवणारी, केसांच्या गुंत्यावरून कंगव्याला शिव्या देणारी लेक. चार वर्षांत ती एकदाही आली नव्हती. रविवारी फोन व्हायचा. गुडघे कसे आहेत, तिकडे थंडी आहे का, जावईबापू बरे आहेत ना. तीन-चार मिनिटांत बोलणं संपायचं आणि दोघीही थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवायच्या. "ये" हा शब्द मावशीच्या ओठांपर्यंत यायचा आणि परत जायचा. कोणत्या तोंडाने बोलावणार? तो जंतू अजून त्याच दालनात, आणि ती त्याच दालनातून घरी येणार, त्याच हातांनी लेकीला वाढणार. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आधी तो सापडू दे. "सापडला गं, आता काही भीती नाही" असं सांगता येईल, त्या दिवशी ये म्हणायचं. तोपर्यंत नाही. लेकीच्या जुन्या चपला दाराशी होत्या, त्यांच्यावरची धूळ ती दर रविवारी पुसायची. स्वयंपाकाचा अंदाज अजूनही दोघींचाच होता, रोज उरायचं.

एका सोमवारी मावशी तापाने पडली. मंगळवारची फेरी चुकली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. गुरुवारी ती कामावर आली आणि तिला चैन पडेना, म्हणून फेरी गुरुवारीच उरकून घेतली. शनिवारी पिशव्या बघितल्या तर तीन जागी वाढ होती. नववी, दहावी आणि अकरावी. तिन्ही काप काढायच्या यंत्राखालच्या.

ती तडक साफसफाईच्या टोळीकडे गेली. टोळीचा मुकादम तिच्याच वयाचा, रुंद छातीचा, फेसाच्या नळीने भिंतीही पुसून टाकील असा माणूस. तिला ताई म्हणायचा, आणि लेकीचं झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर अख्खा दिवस बसून होता. तिने कागद त्याच्यापुढे धरला. त्याचा चेहराच पडला.

"गुरुवारी घेतल्यात? ताई, सांगून तरी यायचं ना."

"सांगून? मी काय पाहुणी आहे?"

"तसं नव्हे. पण मंगळवार-शुक्रवार तुमचा वार. गुरुवारी कोण…"

"गुरुवारी कोण काय?"

मुकादमाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "ताई, तुमच्या जागा आम्हाला पाठ आहेत. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्या दोनदा घासतो. जंतुनाशक पण दुप्पट. गुरुवारी तुम्ही सकाळीच फिरलात, आमचं घासणं व्हायच्या आधी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच थोडं थोडं होतं. काडी वाईट आली की सुट्टीच्या दिवशी सगळं दालन पुन्हा धुवावं लागायचं ना. पण पोरीचं झाल्यापासून मी पोरांना सक्त सांगितलंय, ताईंच्या काड्या कोऱ्याच निघाल्या पाहिजेत. तुमचं तोंड उतरलेलं बघवत नाही हो. म्हटलं, तेवढाच आपल्याकडून आधार." बोलता बोलता आपण काय करून बसलोय ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो भिंतीला टेकला.

चार वर्षं हा माणूस मायेने तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधत होता. ती त्याला काय वाटेल ते बोलली. "माझ्या नातवाचा जीव गेला आणि तुम्ही मला कोऱ्या काड्या देताय?" असंही बोलली, आणि ते शब्द परत घेता येण्यासारखे नव्हते. आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. पण आठवडाभर विचार करायला तिला दुसरं काही नव्हतं, आणि ती मुळात खोटी बाई नव्हती. त्याने तिच्या जागा पाठ केल्या हे खरं. पण पाठ करण्याजोग्या त्या ठेवल्या कुणी? तेच वार, तीच वेळ, त्याच बावीस जागा, तोच क्रम. यंत्र थंड, कोरडं, गप्प असताना. जिथे काडी जायची सवय होती तिथेच ती जात होती, आणि त्यालाच ती चोखपणा म्हणत होती.

आठव्या दिवशी ती मुकादमापुढे जाऊन उभी राहिली. "दादा, चला. तुम्ही मी मिळून बघू. यंत्र चालू असताना."

यंत्र तीन तास चालवलं. मावशी गुडघे टेकून त्याच्याखाली बसली, टॉर्च घेऊन. पट्टा फिरत होता, मांसाचे काप एकावर एक पडत होते, आणि वरून काही दिसत नव्हतं. तिसरा तास संपत आला तेव्हा पट्टा जिथे वळतो तिथल्या रोलरच्या टोकाशी एक थेंब धरला. हळूच पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिथे पाण्याचा नळ नव्हता, नळी नव्हती.

फिटरला बोलावलं. तो आधी कुरकुरला. "मावशी, हा रोलर पोकळ असला तरी बंद आहे. दोन्हीकडनं वेल्डिंग केलंय. आत हवासुद्धा जात नाही." पण काढला. खांद्यावर घेताना त्याने तो सहज हलवला आणि जागच्या जागी थबकला. पुन्हा हलवला. आत पाणी खळखळत होतं.

वेल्डिंगला केसाएवढी चीर होती. रोज धुताना जोराच्या फवाऱ्याने थोडं पाणी आत जायचं. दिवसभर यंत्र तापलं की त्यातलं थोडं बाहेर यायचं, पट्ट्यावर, कापांवर. फिटरने रोलर कापला. आतून तपकिरी, तेलकट पाणी निघालं, जेमतेम कपभर, आणि रोलरच्या आतल्या भिंतीला बोटभर जाड बुळबुळीत थर. वास असा की मुकादमाने तोंड फिरवलं. मावशीने फिरवलं नाही. तिने काडी काढली, नंबर लिहायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की या जागेला नंबरच नाही. तिने पिशवीवर लिहिलं, तेविसावी.

दोन आठवड्यांनी ठसा आला. तोच.

साहेब पहिल्यांदाच दालनात आतपर्यंत आले, मुकादमाचा हात धरून. सगळ्या पोकळ रोलरांच्या जागी भरीव रोलर बसवायचं ठरलं. फेरीचे वारही काढून टाकले, मावशीने चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मुकादम कोपऱ्यात उभा राहून रडत होता. ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "दादा, त्या दिवशी जे बोलले ते रागात बोलले." तो म्हणाला, "खरंच बोललात ताई." दोघांनाही ते मान्य होतं.

तिला वाटलं होतं, या दिवशी काळजावरचा धोंडा उतरेल. प्रत्यक्षात तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. कपभर घाण पाणी. तिच्या घराची एवढी मोठी पडझड एवढ्याशा पाण्याने केली.

जेवणाच्या सुट्टीत ती कपडे बदलायच्या खोलीत गेली, डोक्यावरची जाळी न काढता बाकावर बसली आणि फोन लावला. रविवार नव्हता. लेकीने घाबरूनच उचलला.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"सापडला," मावशी म्हणाली. "रोलरमध्ये होता. आत. चीर होती बारीक." आणि तिने घाईघाईने सगळं सांगितलं, पट्टा, थेंब, फिटर, ठसा. "ऐकतेयस ना गं?"

"ऐकतेय. आई, तू चार वर्षं हे शोधत होतीस?"

"मग? तो सापडल्याशिवाय तुला ये कशी म्हणू?"

लेकीचा आवाज आला तो लहानपणी कपबशी फोडून यायची तेव्हाचा. "मला वाटलं, तुला कळलंय. म्हणून ये म्हणत नाहीस."

"काय कळलंय?"

"डॉक्टरीणबाईंनी कागद दिला होता. काय खायचं, काय नाही. थंड मांसाचे काप खायचे नाहीत, स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचला होता गं. दोनदा वाचला होता. पण तू आणलेलं होतं. म्हटलं, आईनं तपासलेलं आहे, त्यात काय असणार. आणि मला खूप भूक लागली होती. नंतर तो कागद मी फाडून टाकला. तुला तोंड कसं दाखवू, असं झालं होतं."

मावशीला बोलायचं होतं. तुझी चूक नाही, माझी आहे, कुणाचीच नाही, तू फक्त उपाशी होतीस. सगळं एकदमच आलं. चार वर्षं दोघी दोन टोकांना एकच ओझं घेऊन बसल्या होत्या, आणि दर रविवारी हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या.

"ये," अखेर ती म्हणाली. एवढंच म्हणता आलं.

"तिथे नको, आई. अजून नको. तुझ्या त्या दारात नाही उभं राहवणार मला." लेक रडत होती. "तू ये. येशील? आणि काही आणू नकोस. खायचं नको, काही नको. फक्त तू ये."

"काहीच नको?"

"काहीच नको."

"बरं," मावशी म्हणाली.

लेकीकडे रिकाम्या हातांनी ती कधी गेली नव्हती. दोन गल्ल्यांवर राहत होती तेव्हाही नाही. शनिवारी सकाळी ती बसमध्ये बसली. पिशवी नाही, डबा नाही, पाकीट नाही. सहा तासांचा रस्ता होता, आणि मोकळे हात कुठे ठेवायचे हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.